खालची डावी दाढ

तो समोरच्या बाकावर येऊन बसला आणि तिच्याकडे बघून हसला. अर्धाच हसला. ओठांचा उजवा कोपरा वर गेला, डावा जागचा हलला नाही. मग तळहातावर गाल टेकवून तो तिच्याकडे... बघतच राहिला.

तिच्या शेजारी लोकर विणत बसलेल्या काकू अशा प्रसंगाची वाटच बघत होत्या. “पोरगा पार विरघळला गं,” त्या कुजबुजल्या, निम्म्या डब्याला ऐकू जाईल इतक्या हळू.

तिनं मान खिडकीकडे वळवली. गाडी डोंगर चढत होती आणि दरीत ढग लोळत पडले होते. आईशी अबोला धरून, दादाला “मी काय हरवणार आहे का?” असं ठणकावून तिनं हा एकटीचा प्रवास पदरात पाडून घेतला होता. त्यात वाटेकरी नको होता. शिवाय तिला पक्कं ठाऊक होतं, हे प्रेम नाही, ही दाढ आहे. खालची, डावी. ती दातांची डॉक्टर होती, आणि मेली तरी ते इथं सांगणार नव्हती. मावसबहिणीच्या लग्नात एकदा सांगून बसली, तर नवऱ्याकडची मंडळी जेवण सोडून जबडे उघडून उभी राहिली होती.

“एकट्याच?” त्यानं विचारलं.

“हो. मुद्दाम.”

“मीही. माझं कामच तसं. डोंगरातल्या पायवाटांवर पाट्या लावतो, लोक चुकू नयेत म्हणून.”

“आणि तुम्ही कधी चुकत नाही?”

“आज चुकलो. मला खरं तर पुढच्या डब्यात बसायचं होतं.”

काकूंचा एक टाका सुटला.

“दाढ दाखवा कुणाला तरी,” तिच्या तोंडून निघून गेलं.

“दाताच्या डॉक्टरला? छे! दगडाच्या काळजाची माणसं ती. दुखतंय का विचारतात आणि तोंडात बोटं घालून बसतात. माणसानं उत्तर द्यायचं कसं?”

“दगडाच्या काळजाची?” ती उसळली. “मीच आहे ती! आणि माझ्याकडे बघून विरघळल्याचं सोंग पुरे. तुमची दाढ किडलीय, बाकी काही नाही!”

डब्यातल्या माना वळल्या. त्याचे कान लाल झाले.

“दाढ तर आहेच,” तो हळूच म्हणाला. “पण... दोन्ही असू शकत नाही का?”

उत्तराला सवड मिळालीच नाही. काकूंनी विणकाम टाकून कवळी हातात घेतली होती. मागून दोन आजोबा सरसावले. “डॉक्टरीणबाई, जरा माझंही...”

तो उठून मध्ये उभा राहिला. “बसा सगळे. बाई सुट्टीवर आहेत.” मंडळी मुकाट्यानं बसली. त्यानं पिशवी खांद्याला लावली. “तुमचा एकटीचा प्रवास मी नासवला. माफ करा.” आणि तो पुढच्या डब्यात निघून गेला.

खिडकी पुन्हा तिची एकटीची झाली. एक बोगदा आला नि संपला, कड्यावरून धबधबा कोसळताना दिसला. “अगंबाई, बघा!” म्हणत ती वळली. समोर रिकामा बाक. पुढच्या वळणावर निळंशार तळं आलं, तेव्हाही तेच.

“जा की आता,” काकू कवळीशिवायही स्पष्ट म्हणाल्या.

तो पुढच्या डब्यात गाल धरून बसला होता. तिला बघून गडबडून उठला. “काय झालं?”

“काही नाही. सरका, खिडकी मला हवी.” ती बसली. मग त्याच्याकडे वळली. “घरी ठणकावून आलेय, एकटी जाणार म्हणून. आता दादाला काय सांगू?”

“खरं तेच सांगा,” तो म्हणाला. “जाताना एकट्याच होतात.”