पडत्या बाजारातला अंगठा

त्या आठवड्यात शेअर बाजार असा कोसळला, की पेठ गावच्या पारावरची कुत्रीसुद्धा मान खाली घालून चालू लागली. खोटं वाटत असेल तर कुत्र्यांनाच विचारा.

बिबिजानआपांचा धंदा मात्र तेजीत होता. जुन्नरला बांगड्यांच्या दुकानावरच्या खोलीत त्यांची खासगी तपासाची कचेरी. बाजार पडला की माणसांचा एकमेकांवरचा संशय चढतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. सोबतीला गेणभाऊ. स्कूटर पळवण्यात पटाईत, डोकं चालवण्यात सावकाश.

सकाळीच सरूबाई नवऱ्याला पुढं घालून जिना चढल्या.

"ह्यांनी सुनेवर आळ घेतलाय. आरती सांजच्या एसटीनं माहेरी निघालीय. त्याच्या आत खरं काय ते काढा, आपा."

धर्माजीआबांनी काळ्या बोटांवर बशी तोलून चहा ओढला. "माझे समदे शेअर काल कुणीतरी इकले. तेबी पार तळाला. पैसं खात्यात हायेत, पण मी मेलो तरी इकणार नव्हतो! बाजार पडला म्हणून इकू नका, असं अख्ख्या पाराला मीच सांगत व्हतो."

"किती वाजता विकले?"

आबांनी फोन काढला, अंगठा टेकवला, पडदा उजळला. "अकरा वाजून गेल्यावर."

"तुम्ही कुठं होता?"

"दिवसभर टोमॅटो तोडत व्हतो. फोन शेतातल्या शेडात, खिळ्याला टांगलेल्या पिशवीत. नंबर माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई, म्हणून फोन न् शेअर समदं अंगठ्यावर. त्यात अंगठे दोनच. माझा, न् आरतीचा. लाईटबिल तीच भरती."

गेणभाऊ कुजबुजले, "आपा, झालं की! सूनच."

"गेणभाऊ, स्कूटर काढा."

पेठला आबांच्या दारातच आरतीची बॅग भरून उभी होती. आरतीही तशीच उभी.

"काल संध्याकाळी बिल भरायला फोन घेतला, तर विकल्याचा मेसेज. मीच ओरडून सगळ्यांना सांगितलं. तर आबा म्हणाले, 'माझा अंगठा काळा, फोन वळखत न्हाई, मग ऱ्हायलं कोण?' आपा, चोरानं कधी स्वतःच आरडाओरडा केलाय का?"

"अकराला शेडात गेला होतात?"

"कप आणायला. चहा विहिरीपाशी झाला."

गेणभाऊंनी आपांकडं पाहून भुवया इतक्या उडवल्या, की टोपी मागं सरकली.

आबांचा पुतण्या ऋषी शेतात सरीत टोमॅटो तोडत होता. तो तडकूनच बोलला. "गाडीसाठी जमवलेलं समदं मी आबांच्या नादानं बाजारात घातलं. आता निम्मं ऱ्हायलंय. इकतो म्हणलं की आबा पारावर हसायचे, 'भित्रा लेकाचा!' वैनीनं इकले असतील तर लई भारी केलं."

"चहाला आबा होते?"

"न्हवते. 'तुमी व्हा म्होरं' म्हणाले. मग सरीतबी दिसले न्हाईत."

"तुमचा नंबर द्या बरं."

ऋषीनं फोनवर अंगठा दाबला. पुन्हा दाबला. फोन ढिम्म. शेवटी आकडे दाबून उघडला. "झाडाचा चीक, आपा. साबणाला हप्ताभर दाद देत न्हाई. हिरवा टोमॅटो चोळला तरच निघतो."

शेडात खिळ्याखाली हिरव्या टोमॅटोची चिरडलेली, सुकलेली फोड पडली होती.

"कुणीतरी कोशिंबीर केली असंल," गेणभाऊ म्हणाले.

आपा हसल्या. "केली खरी. अंगठ्याची."

सांजेला सगळे अंगणात जमले. एसटीला थोडाच अवकाश होता.

"आरतीचे हात स्वच्छ," आपांनी सुरुवात केली. "तिला टोमॅटो चोळायची गरजच नाही. ऋषीचा अंगठा आजही काळा, आणि आबांच्या फोनला तो चालतही नाही. फोड चोळणारा तोडणीवरचा होता, आणि फोन त्याला ओळखतो."

"पण आपा, असा तर..." गेणभाऊंचा जबडा उघडाच राहिला.

"आबा, हात दाखवा."

आबांनी हात पाठीमागं नेले. सरूबाईंनी ते ओढून पुढं आणले. नऊ बोटं डांबरासारखी काळी, आणि उजवा अंगठा नुकता न्हाऊन आल्यासारखा!

"जेवायला म्हणून हात धुतले असते तर दहाही बोटं घासली असती. एकटा अंगठा घासतो तो फोन उघडायच्या घाईतला माणूस. आरतीला तुम्ही सांगितलंत, अंगठा चालत नाही. आज सकाळी माझ्यासमोर तो टेकवल्याबरोबर चालला."

आबा ओट्यावर बसले. "भ्यालो, पोरी. पारावर वाघ व्हतो, शेडात उंदीर झालो. तू समद्यांम्होरं मेसेज वाचलास, न् माझ्या तोंडातनं तुझंच नाव गेलं."

आरतीनं आबांकडं सरळ पाहिलं. "भ्यालो म्हणाला असतात, आबा, तर मी हसले नसते."

सरूबाईंनी क्रेटमधला हिरवा टोमॅटो नवऱ्याच्या हातात कोंबला. "घासा. नऊ ऱ्हायलीत. मग पोरीची बॅग आत ठेवा, न् पारावर जाऊन सांगा आधी कोण पळालं ते."

फाट्यावर एसटी आली, थांबली, गेली.

आबा पारावर उभे राहून खरं बोलले. तर निम्मा पार त्यांच्याही आधी गुपचूप विकून मोकळा! शेवटपर्यंत शेअर धरून बसलेला एकटा ऋषीच निघाला, तो 'भित्रा'.

कुत्री तेवढी त्या रात्रीपासून मान वर करून चालू लागली.