भिक्षूचा मलाश्म

प्रयोगशाळेतल्या काचपेटीत अक्रोडाएवढा काळपट खडा ठेवला होता. जुन्नरकडच्या एका लेण्यामागच्या कोरड्या खड्ड्यातून प्राध्यापक वासुदेव इनामदारांनी तो स्वतः खोदून काढला होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा भिक्षूची विष्ठा, वाळून दगड झालेली. इनामदार तिला मलाश्म म्हणत, पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. हुंगायलाही लावत.

आज ते मुलीला घेऊन आले होते. वसुधाचं आतडं सडत चाललं होतं. चाकाच्या खुर्चीत नुसती हाडं उरली होती.

"आपल्या पोटांतून नाहीसे झालेले जिवाणू या खड्यात झोपून होते," डॉ. हेमलता गद्रे म्हणाल्या. "ते आम्ही जागे केले. आतडं तेच सांधतात. पण काचेच्या भांड्यात ते वाढत नाहीत. जिवंत माणसाचं पोटच लागतं."

"मग ही गोळी?" इनामदारांनी टेबलावरच्या ताटलीकडे बोट केलं.

"खड्यातले होते तेवढे पहिल्या स्वयंसेवकाला दिले. तो खडखडीत बरा झाला. आता गोळी त्याच्या विष्ठेतून बनते."

"कोण तो?"

"गौतम सोनटक्के. गटारं साफ करतात. ते काय, दारातच उभे आहेत."

इनामदारांनी नाकाला रुमाल लावला. "शी! याचं माझ्या मुलीच्या तोंडात?"

"सर, दगड झालेलं चालतं, ताजं चालत नाही व्हय?" गौतम हसला.

"तू मध्ये बोलू नकोस." इनामदार डॉक्टरांकडे वळले. "असं करा. आधी मला द्या. माझ्या पोटात वाढू देत. मग माझ्यातून तिला."

"म्हणजे तुम्ही यांचंच गिळणार."

"ते मी बघतो. कुणाला कळतंय? एकदा माझ्या पोटातून गेलं की आमच्या घरचं झालं."

"वाढायला दोन महिने लागतात. हिच्या हातात दोन आठवडे तरी आहेत की नाहीत, कोण जाणे."

"थांबेल. इनामदारांची पोर आहे."

इतकी वर्षं विष्ठेत हात घालून डॉ. गद्र्यांना कधी ओकारी आली नव्हती. आता आली. त्यांनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात वसुधाने ताटलीतली गोळी उचलून तोंडात घातली.

"वसू, टाक ती! थुंक!"

तिने पाण्याचा घोट घेतला, गिळली.

"गौतमकाका," ती म्हणाली, "खुर्ची जरा बाहेर न्याल? इथं फार मळमळतंय."