इंदूचा सुट्टीचा अर्ज

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या मावसभावासोबत, शिशिरसोबत खरंच घडलंय. गेल्या मे महिन्यात, रायपूरच्या एका खासगी विद्यापीठात, शनिवारी भर दुपारी.

शिशिर तिथे मुलांच्या सुट्टीच्या अर्जांचं सॉफ्टवेअर बनवत होता. सोमवारी ते साहेबांना दाखवायचं होतं. एकही अर्ज अडकलेला दिसला, की नोकरी गेली. बायकोला सातवा महिना. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ऑफिसात तो एकटाच.

टिंग...

एक अर्ज आला. इंदू, बी.कॉम. दुसरं वर्ष. ‘ताप आहे. मले घरी जाऊ द्या.’

डॉक्टरचा दाखला जोडलेला नव्हता. शिशिरनेच घातलेल्या नियमाप्रमाणे अर्ज आपोआप नामंजूर झाला.

टिंग...

‘ताप उतरून नाही राहिला. मले घरी जाऊ द्या.’

त्याने अर्ज खोडला. इंटरनेटची वायर उपसली.

टिंग...

‘आता उठता येत नाही. जाऊ द्या ना.’

शिशिरला दरदरून घाम फुटला. वीस वर्षं सुट्टीचे कागद सांभाळणाऱ्या पद्मिनी मॅडमना त्याने ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या घरी फोन लावला. नाव सांगितलं.

नाव ऐकताच त्या रडायलाच लागल्या.

"भैया, ते पोट्टी होस्टेलातच वारली. दोन वर्षं झाली. दाखला नाही म्हणून मीच तिचा अर्ज वापस केला होता. पाया पडते तुमच्या, मंजूर करून टाका!"

त्याने बटण दाबलं. पण परतीची तारीख टाकल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकेना. ती सक्तीही त्याचीच. घाईघाईत त्याने सोमवार टाकला.

अर्ज मंजूर झाला.

सगळं शांत...

सोमवारी एकही अर्ज बाकी नव्हता. साहेब खूश, नोकरी वाचली. शिशिरचा जीव भांड्यात पडला. मग साहेबांनी सहज त्याच सॉफ्टवेअरमध्ये त्या दिवसाची हजेरी उघडली.

बी.कॉम. दुसरं वर्ष...

इंदू. हजर.

पद्मिनी मॅडम त्याच्या कानाशी पुटपुटल्या, "भैया, तिले वापस काहून बोलावलं?"

त्याने ते नाव कितीदा तरी खोडलं. रोज सकाळी दहाला ती हजर असते. शिशिर तिला कायमची सुट्टी द्यायला तयार आहे, पण अर्ज तिनेच करावा लागतो.

आणि तिने तो पुन्हा केलेला नाही.