राखणदाराचा मान

"देवाला नाय म्हणायला तू कोण गो?" म्हणत सासूबाई कमळाबाईंनी दारूची बाटली राजश्रीसमोर ओटीवर आदळली...

गुहागरच्या त्यांच्या नारळाच्या आगरात दर वर्षी राखण असे. जागेच्या राखणदाराला कोंबडा आणि दारूचा मान द्यायचा, उरलेला घोट घरच्या कर्त्या पुरुषानं तीर्थ म्हणून घ्यायचा. आणि तो कर्ता पुरुष, राजश्रीचा नवरा नितेश, व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आला होता!

रत्नागिरीतल्या मासळीच्या कारखान्यात तो बर्फखात्यात कामाला होता. दारू सोडू पाहणाऱ्या कामगारांसाठी सरकारनं अनुदान दिलं, उपचारांचा खर्च उचलला, त्यांची नोकरीही शाबूत ठेवली. पण लाजेपोटी कुणी पुढे येईना. शेवटी राजश्रीच मॅनेजरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याला पाठवा." घरची अब्रू वेशीवर टांगली म्हणून सासूबाईंनी त्या दिवसापासून तिच्याशी धड बोलणं टाकलं. तिनं सारं सोसलं, पण मान खाली घातली नाही. घालायची तरी कशासाठी? तिनं संसार वाचवला होता!

"आई, एक घोट पोटात गेला तरी सगळं मातीला मिळेल," ती कळवळून म्हणाली.

"दारू नाय ती, तीर्थ हाय. राखणदार कोपला मगे?"

राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायला आलेले गावकर काशीरामतात्या पान-सुपारी मांडत होते. कमळाबाईंनी तीर्थाचा पेला आधीच भरून पुढे सरकवला. नितेशनं तो उचलला. राजश्री त्याला अडवायला पुढे झाली... त्यानं पेला आईच्या पुढ्यात ठेवला.

"आये, मी नाय घेणार. हिनं लाज सोडून माझ्यासाठी तोंड उघडलं, म्हणून मी उभा हाय. बाबांसाठी कोणीच तोंड उघडलं नाय गो."

कमळाबाईंचा नवरा दारूनंच गेला होता, पण किती वर्षं त्या 'पोटदुखीनं गेले' असं सांगत आल्या होत्या!

"मला सगळं दिसत व्हतं रे..." त्यांचा बांध फुटला. "लोकांच्या भयानं मी गप ऱ्हायले, नि तुझा बापूस गेला."

मग पदरानं डोळे पुसत त्यांनी विचारलं, "तात्या, राखणदाराला दारूच्या जागी शहाळ्याचं पाणी चालंल?"

"मनापासून दिलंत तर का नाय चालणार?" तात्या म्हणाले.

कमळाबाईंनी राजश्रीचा हात धरून तिला पुढे केलं. "मग आज मान हिच्या हातनं जाऊ दे. या घरात हिच्याएवढी छाती कोणाची नाय."

भरल्या डोळ्यांनी, ताठ मानेनं राजश्रीनं शहाळं ओतलं. तात्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, आणि त्याला साथ देत "व्हय महाराजा" म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज कमळाबाईंचा होता.