कांताबाईंचा कॉम्प्युटर

"तो लावू नका... जळंल."

बोलून गेल्यावर तेजस्वीला वाटलं, आपल्याला काय करायचं होतं? बेळगावच्या खासबागेतल्या त्या विजेच्या सामानाच्या दुकानात ती कारखान्यासाठी फ्यूज घ्यायला आली होती. शेजारी उभा असलेला उंच मुलगा दुकानदाराला सांगत होता, की चाळीस वर्षांपूर्वीचा, टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर आहे, नऊ व्होल्टचा कुठलाही अडॅप्टर चालेल. दुकानदाराने एक पुढे केलाही होता.

मुलगा वळला. "नऊ व्होल्टचाच हाय की हो."

"व्होल्ट बरोबर हायत. टोकं उलटी हायत."

त्याच्या मोबाईलमध्ये यंत्राच्या पाठीमागचा फोटो होता. तिने तो मोठा करून त्याला खूण दाखवली. हल्लीच्या अडॅप्टरच्या पिनेत आतलं टोक धन असतं, या यंत्राला आत ऋण हवं होतं. तसंच जोडलं असतं, तर आतल्या चिप क्षणात गेल्या असत्या. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला... आणि का कोण जाणे, तिला तो चेहरा आवडला.

त्याचं नाव वृषभ. निपाणीत त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. कॉम्प्युटर त्याच्या आईचा, कांताबाईंचा होता. त्या नव्यानं सासरी आल्या तेव्हा भावाने विलायतेहून आणून दिलेला. पुस्तक वाचून त्या स्वतःच तो शिकल्या आणि मग गल्लीतल्या पोरींनाही शिकवायला लागल्या. पुढे अडॅप्टर जळाला, तसा दुसरा मिळेना. तेव्हापासून यंत्र जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं होतं, कुणी हात लावायचा नाही. गेल्या महिन्यात मात्र त्या सहज म्हणाल्या, एकदा चालू झालेला बघायला पाहिजे.

"तुम्ही करून द्याल का तसा अडॅप्टर?" वृषभने विचारलं.

तेजस्वी उद्यमबागेतल्या कारखान्यात इन्व्हर्टर तपासायचं काम करायची. यात अवघड काय, असं वाटून ती हो म्हणाली.

पुढे फोन सुरू झाले. आधी व्होल्टबद्दल, मग जेवणाबद्दल, मग कशाबद्दलच नाही. तो शनिवारी मालासाठी बेळगावला यायचा, ती कारखान्यातून थेट चहाला. तिने चांगल्या प्रतीचा नवा अडॅप्टर घेतला, वायर कापली, टोकं अदलाबदल करून नवी पिन डाख लावून जोडली, मध्ये फ्यूज घातला. मीटरवर सगळं चोख होतं. तरी ती पुन्हा पुन्हा तपासत राहिली. वृषभ जितका आवडत चालला होता, तितकी धाकधूक वाढत होती. त्याच्या घरी पहिल्यांदाच जायचं... आणि त्याच्या आईची जिवापाड जपलेली वस्तू आपल्या हातून जळाली तर?

त्यात गावी, नंदगडला, तिचे वडील, आप्पा, तिच्यासाठी स्थळं बघायला लागले होते.

रविवारी ती कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन निपाणीला उतरली. कांताबाईंनी पाणी दिलं, चौकशी केली, पण त्यांची नजर तिच्या पिशवीवर होती. लुगडं सोडून त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं. रबराच्या बटणांचं, वहीएवढंच. जुना टीव्ही आधीच लावलेला होता.

"खात्री हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. तेजस्वी म्हणाली, "अडॅप्टरची हाय, काकू. आतल्या भागांची न्हाय. लई वर्षं झाल्यात... काय बी होऊ शकतंय."

कांताबाईंनी अडॅप्टर हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाल्या, "लाव."

तिचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला, तोच वृषभ जवळ आला. हळूच म्हणाला, "मी दाबतो."

"का?"

"जळलं तर माझ्या हातनं जळू दे. आईचा राग माझ्यावर निघंल... तुमच्यावर नको."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. तिचे डोळे एकदम भरून आले, पण तिने मान हलवली. "माझं काम हाय. मीच दाबणार."

बटण दाबलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

काहीच नाही. जळका वास येतोय का, ती हुंगत राहिली. वास नव्हता, पण चित्रही नव्हतं. अडॅप्टर काढावा की ठेवावा? वृषभ तिच्या आणखी जवळ येऊन उभा राहिला.

"सरक बाळ," कांताबाई म्हणाल्या. खाली वाकून त्या टीव्हीचं चॅनेल जुळवायचं बटण सावकाश फिरवायला लागल्या. मुंग्या दाट झाल्या, विरळ झाल्या... आणि एकाएकी स्वच्छ पांढरा पडदा, खाली इंग्रजी अक्षरांची एक ओळ.

"टीव्हीला त्याची जागा धुंडायला लागतीय," त्या म्हणाल्या. "तुझं काम बरोबर हाय."

मग त्या खुर्चीत बसल्या आणि दोन बोटांनी टाइप करत राहिल्या. मागं कोण उभं आहे, हेही त्या विसरल्या. बऱ्याच वेळाने मागे न वळता म्हणाल्या, "वृषभ, पोरीला जेवायला वाढ. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय आमच्या जैनांत, तिलाबी म्हाईत असू दे."

तेजस्वीने खाली पाहिलं. कान गरम झाले होते.

तो तिला स्टँडवर सोडायला आला. बेळगावची गाडी लागली होती, तरी दोघंही उभेच राहिले.

"आईला कळलंय," तो म्हणाला. "मी काय सांगितलं न्हाय, पण कळलंय. आता... तुमच्याकडनं कळायचं राहिलंय."

"मला तर दुकानातच कळलतं," ती म्हणाली. "आप्पांचं भ्या वाटतंय. आपल्या जाती येगळ्या, घरची रीत येगळी. न्हाय म्हटलं तर?"

"मी येतो बोलायला."

"आधी मी बोलते. मग तुम्ही या."

गाडी सुटली. वाटेतलं हत्तरगी मागे पडेपर्यंत तिने दोनदा फोन काढला आणि परत ठेवला. तिसऱ्यांदा लावला. ती सांगत होती, आप्पा ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, की पोरगा कसा आहे.

तेजस्वीने डोळे पुसले. "जवळ उभा राहतोय, आप्पा."

मग आप्पांचा खोल आवाज आला, "येत्या ऐतवारी घेऊन ये. बघतो."