जतन झाले

सकाळी रुग्णालयाचा सर्व्हर सुरू झाला, तेव्हा मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीतून आदल्या दिवशी नोंदवलेले सगळे रुग्ण गायब होते. माणसं जिवंत होती, निदान सकाळपर्यंत. नोंदी तेवढ्या गेल्या होत्या.

मुख्य कार्यालयानं एक तपासनीस पाठवला. गुडघे गेलेले, निवृत्ती तोंडावर. असा माणूस पाठवतात, तेव्हा तपास लागावा अशी कुणाची फारशी इच्छा नसते.

सर्व्हर सांभाळणाऱ्या ताई कोपऱ्यात बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी सापडलं नाही, तर त्यांची नोकरी जाणार होती. सर्व्हरवर रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांच्या सहीची जुनी चिठ्ठी होती : ‘हात लावू नये.’

"काका, काल वीज गेली. पण नोंदी त्याआधीच जतन झाल्या होत्या. पडद्यावर तसं आलं होतं."

"मग गेल्या कुठे?"

"डिस्कवर पोचल्याच नाहीत. मेमरीतच होत्या, विजेबरोबर गेल्या." ताईंनी सेटिंगची फाइल उघडली. "डिस्कवर उतरल्याशिवाय ‘जतन झाले’ म्हणायचं नाही, असा हुकूम असतो इथं. तो कुणीतरी बंद केलाय. आता सर्व्हर घोड्यासारखा पळतो आणि सगळ्याला नुसतं ‘हो हो’ म्हणतो."

"कधी केला?"

"मागच्या वर्षी, या सर्व्हरच्या उद्घाटनाच्या दिवशी. फाइलवर तारीख आहे."

"पासवर्ड कुणाकडे?"

"सगळ्यांचा एकच. पडद्यालाच चिकटवला होता."

"मग वर्षभर काही बिघडलं कसं नाही?"

"ही फाइल सर्व्हर फक्त सुरू होताना वाचतो. वीज गेली तर सर्व्हर तगवणारी बॅटरी बदलायला मी परवा तो बंद करून पुन्हा चालू केला. नवी बॅटरी सगळ्यात स्वस्त होती. काल पहिल्याच फटक्यात तिनं मान टाकली."

"हे साहेबांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच नाही."

साहेब केबिनमध्ये हसतमुख बसले होते.

"साहेब, सेटिंग कुणी बदललं?"

"मला काय विचारता? मला माउस कुठून धरायचा तेही कळत नाही."

"उद्घाटनाच्या दिवशी बदललंय."

"असेना! वर्षभर फाइलीत पडून होतं, कुणाला चावलं? बंद-चालू केल्याशिवाय ते लागूच होत नाही. आणि बंद-चालू कुणी केला? तिनं!"

तपासनिसानं चष्मा पुसला.

"माउस धरता न येणाऱ्या माणसाला बरंच ठाऊक आहे. साहेब, पाहुण्यांसमोर बटण दाबताच ‘जतन झाले’ उमटावं, म्हणून तुम्ही हुकूम बंद केलात. तरी पडदा रेंगाळला, कारण सर्व्हर पुन्हा सुरू करायचा राहिला. तो सुरू झाला तर काय होईल, हे नंतर कळलं. सेटिंग परत फिरवायचं, तर कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा चिठ्ठी बरी. हात लावू नये!"

साहेब खुर्चीत मागे रेलले.

"छान. लिहा तसा अहवाल. कागदावर घेत नाही आपण, सर्व्हरवरच भरा."

"मंजुरी कोण देतं?"

"मीच."

तपासनीस ताईंच्या जागेवर बसून टाइप करू लागला.

"काका, सेटिंग अजून तेच आहे," ताई पुटपुटल्या. "सकाळी साहेबांनी पासवर्ड बदलला, मला फाइल आता फक्त वाचता येते."

"माहीत आहे, ताई."

त्यानं बटण दाबलं. बोट उचलायच्या आत पडद्यावर आलं : ‘जतन झाले.’

"बघा, काय वेग आहे!" दारातून साहेब म्हणाले आणि शांतपणे विजेच्या मुख्य बटणाकडे निघाले.

ताईंनी आपला डबा पिशवीत टाकला.