चार फुटी खुंट्या

एकोणीसशे अडुसष्ट साल. उन्हाळा नुकता लागला होता, आणि धाकटीला सत्तावीस पूर्ण होऊन महिना झाला होता. घरात काळजी होती ती या दुसऱ्या गोष्टीची. तिला स्वतःला काळजी होती डेलियाची. दांडे कमरेएवढे वाढले होते, कळ्या धरल्या होत्या, आणि आधार दिला नाही तर पहिल्याच वाऱ्यात ते आडवे होणार होते.

घरामागची बाग वडिलांनी लावलेली. शेवंती, लिली, कर्दळ, डेलिया... सगळी वर्षानुवर्षं टिकणारी झाडं. वरून वाळली तरी मातीखाली जीव धरून राहायची आणि दिवस आले की पुन्हा डोकं वर काढायची. वडील गेले तेव्हा घर आणि बाग दादा आणि धाकटी, दोघांच्या नावे राहिली. दादाला बाग शेजारच्या छापखानेवाल्याला विकायची होती. त्यासाठी हवा होता जागेचा नकाशा, आणि त्यावर धाकटीची सही.

एका दुपारी ती वाचनालयातल्या नोकरीवरून परतली, तर बागेत लाल टोकांच्या बारा खुंट्या ठोकलेल्या. एक तर शेवंतीच्या ऐन ठोंबात. तिने बाह्या वर सारल्या, बाराच्या बारा उपटल्या आणि डेलियाला आधार म्हणून रोवून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मोजणीदार आला. उंच, सावळा, हातात फीत. आपली सरळ रेघ डेलियाच्या मागेपुढे नागमोडी पळालेली पाहून त्याने खुंट्या एकेक करून मोजल्या.

"बाई, माझ्या खुंट्या..."

"आहेत की. एकही हरवली नाही."

"त्या हद्द दाखवायला होत्या."

"नुसत्याच उभ्या होत्या. मी कामाला लावल्या."

त्याला हसू आलं, ते त्याने ओठातच कोंडलं. मग वाकून एका गाठीला बोट लावलं. "फार आवळलीत. दांडा अजून जाड होणार — फास बसेल त्याला." त्याने सुतळी सोडली, खुंटी आणि दांडा यांच्यामध्ये एक पीळ दिला, सैल गाठ मारली. बोटं लांब होती, सवयीची. धाकटीने नजर काढून घेतली, पण थोडी उशिराच.

"मोजणीच्या शाळेत हे शिकवतात?"

"नाही. आमची आई शिकवते."

आठवड्याने तो नव्या खुंट्या घेऊन आला. त्याही उपटल्या गेल्या. पुन्हा आला, तेव्हा लिली उमलली होती आणि धाकटी शेवंतीचे शेंडे खुडत बसली होती.

"चांगली वाढतेय की. कशाला खुडता?"

"आत्ता खुडली की बाजूने फुटवे येतात. नाहीतर नुसती काठी वाढते, माझ्यासारखी."

"काठी कुणाला वाईट दिसते..." तो म्हणाला, आणि कानापर्यंत तापला.

चौथ्या खेपेला दादा मागच्या दारात उभा होता. नव्या खुंट्या पाहून त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"मोजणीला चार फुटी खुंट्या कशाला हो?"

"माती भुसभुशीत आहे. खोल ठोकाव्या लागतात."

दादा काही दूधखुळा नव्हता. "महिना झाला तुमच्या ठोकाठोकीला. आज नकाशावर हिची सही घ्या, नाहीतर उद्या मी तुमच्या साहेबांना भेटतो."

मोजणीदाराने पिशवीतून नकाशा काढला. कागद तर पहिल्या दिवसापासून तयारच होता. त्याने कागद तिच्यापुढे धरला. खिशातलं पेन मात्र खिशातच राहिलं.

"नकाशा बरोबर आहे," तो हळू म्हणाला. "सही करायची की नाही... ते तुमच्या हातात."

"मी सही करणार नाही, दादा. आज नाही आणि उद्याही नाही."

"मग बस शेवंतीला कवटाळून. तुझ्याशी लग्न कोण करणार आहे?"

"करणारा चार फुटी खुंट्या घेऊन उभा आहे."

आत वहिनीच्या हातून भांडं पडलं. धाकटीची मान ताठ होती. ती मोजणीदाराकडे वळली. "म्हणजे... तयार असाल तर. नसाल, तर खुंट्या ठेवून जा."

"पहिल्या बारा कचेरीच्या आहेत, त्या न्याव्या लागतील," तो म्हणाला. "मी... राहतो."

लग्नाला दादा आला नाही. छापखानेवाल्याने दुसरीकडे जागा घेतली. मोजणीदाराने अहवालात 'सहमालकाची संमती नाही' एवढंच लिहिलं, आणि त्याची बदली एका उजाड, लांबच्या गावी झाली. तीन वर्षं तो दर शनिवारी येत राहिला, मग कायमचाच परत आला. दादा सहा वर्षं वहिनीमार्फत बोलला — "सांग तिला, नळ चालू राहिलाय." पुढे त्याचे गुडघे गेले, तशी त्याने मागच्या दारात खुर्ची टाकली आणि बहिणीच्या पाणी घालण्यात चुका काढत तिथेच म्हातारा झाला. वहिनी त्याच्या आधी गेली. मोजणीदाराला जाऊन आता चार वर्षं झाली.

धाकटी त्र्याऐंशीची आहे. डॉक्टरांनी तिला वाकायला मनाई केली आहे. ती वाकत नाही. सरळ मातीतच फतकल मारून बसते.